गल्ली गप्प बसली ती दुपार

"मान हलवू नकोस, कान भाजेल," केसांवर इस्त्री फिरवता फिरवता मी दोनदा म्हटलं, पण शेजारच्या आरेलिसचं लक्ष मोबाईलमध्ये. मुलाखत पुन्हा पुढे ढकलल्याचा निरोप येतो की काय, याची तिला धास्ती. याआधी दोन वेळा तसंच झालं होतं. दोन्ही वेळा मी तिचे केस सरळ करून दिले, ती नटूनथटून कॉम्प्युटरसमोर ताटकळत बसली, आणि शेवटी 'क्षमस्व'. मियामीच्या त्या साहेबाला वाटत असेल, आमचे केस झोपेतून उठल्यावर असेच असतात.

नोकरी होती फोनवरून हॉटेलांची बुकिंगं घ्यायची, घरी बसून. आरेलिसने हेच काम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कित्येक वर्षं केलं होतं. मग साखरेच्या आजाराने तिच्या आईची नजर गेली आणि आईला एकटं टाकून बाहेर पडणं संपलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला घरी बसून कोण काम देतं? हे एकच दार उघडं दिसत होतं, म्हणून जीव टांगणीला.

आमच्या सांतियागोतली लाईट लहरी. गेली की आधी पंख्याची आणि फ्रिजची पिन काढायची, कारण येताना ती झटका देऊन काहीतरी जाळते. आणि आली की अख्खी गल्ली ओरडते, "आलीऽऽ!" लहान-थोर, सगळे. कुणी शिकवलेलं नाही, तोंडातून निघतंच. आरेलिसचा आवाज सगळ्यांच्या वर, कारण आईला दिसत नाही. "आली, आई!" ऐकलं की म्हातारी चाचपडत पंख्याची पिन लावते.

म्हणून सकाळीच मी घरोघर सांगून आले होते, आज लाईट येवो की जावो, अळीमिळी गुपचिळी. दुकानदार फेलो म्हणाला, "राजकन्येची सोयरीक आहे का गं?" पण गाणी बंद केली त्याने. त्याच्या दारात डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी सोंगट्या वाजू नयेत म्हणून टेबलावर टॉवेल अंथरला. ही माणसं मयतीलाही इतकी गप्प बसत नाहीत.

नेमकी वेळेच्या तोंडावर लाईट गेली. तशी भीती नव्हती, माझ्या पार्लरचा इन्व्हर्टर तिच्या कॉम्प्युटरला आणि इंटरनेटच्या डब्याला जोडून ठेवला होता. मी आतल्या खोलीत आईचा हात धरून बसले. मध्ये फक्त पडदा.

साहेब उशिराच उगवला. आवाजावरून कोवळाच वाटला. त्याने तिला तेच ते तीनदा विचारलं, मग कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली. हॉटेलातल्या कामाविषयी मात्र एक अक्षर नाही. माझ्या ओठांवर शिवी आली होती, ती गिळली.

"लाईटचं काय? जाते का?"

"नाही, आमच्या भागात जात नाही," आरेलिस म्हणाली.

"घरी कुणाला सांभाळावं लागतं? लहान मूल, आजारी माणूस?"

"नाही. मी एकटीच असते."

आईने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. मला वाटलं, रागावली. पण तिने तो तळवा आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरला, श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

बाहेरच्या खोलीत साहेबाचा सूर हळूहळू मऊ झाला. सोमवारपासून सुरू करता येईल का, असं तो विचारू लागला. तेवढ्यात डोक्यावरचा दिवा लागला.

गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. आणि त्या शांततेत एकच आवाज खणखणीत उठला.

"आली, आई!"

"काय आलं?" साहेबाने विचारलं. मग, "तुमची आई घरात आहे?"

आई तोंडावर हात धरून तशीच बसलेली. साहेब अतिशय सभ्यपणे म्हणाला, आम्ही कळवू. कॉल बंद झाला.

आरेलिस दारात आली तेव्हा सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती. "कळवतील म्हणाले," ती म्हणाली. फेलोने थंडगार सोडा आणून दिला, पैसे नकोत म्हणाला. खरं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी लाईट पुन्हा गेली. मी इन्व्हर्टर न्यायला गेले होते, तेव्हा लाईट परत आली. गल्ली गप्पच. फोन आजच आला तर, म्हणून सगळे अजून तिच्यासाठी जीभ दाबून होते. आतल्या खोलीत दिवा लख्ख, आणि आई पंख्यासमोर एका हातात पिन धरून, दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याचा वारा घेत बसली होती.

आरेलिस उंबऱ्यात थबकली. मग तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "आली, आई."

"हळू बोल गं," आई म्हणाली. "त्यांचा फोन यायचाय ना." आणि ती भिंतीवर पिनेची जागा चाचपू लागली.