धूळ न लागलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर लगेच विहीर आणि पाणी डोळ्यांपुढे आणू नका. मी हवा ओढतो. साबणाच्या पेटीएवढा माझा देह. मला कामगाराच्या कमरपट्ट्याला अडकवतात आणि माझ्या नळीचं तोंड त्याच्या कॉलरला, नाकाजवळ, चिमट्याने लावतात. तो जी हवा घेतो तीच मी घेतो. माझ्या तोंडात एक पांढरी चकती असते. हवेतली धूळ तिच्यावर बसते आणि प्रयोगशाळेत ती मोजतात.

१९८४ साली मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात आलो. तिथे बॉयलरच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं जाड वेष्टण होतं. जुनं होऊन त्याचे पोपडे सुटले होते, म्हणून आठ कामगारांनी ते काढायचं ठरलं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीत गेले की तिथेच रुतून बसतात. सुरक्षा अधिकारी शशिकांत साहेबांना हे माहीत होतं. ते मॅनेजरांकडे मास्क मागायला गेले, तर मॅनेजर म्हणाले, "आधी हवा मोजून दाखवा. आकडा वर गेला तर त्याच दिवशी काम थांबवतो आणि सगळ्यांना मास्क मागवतो."

म्हणजे आठ माणसांचे जीव माझ्या त्या एवढ्याशा चकतीवर! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

साहेबांनी मला बांधायला सदूला निवडलं. सदू बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा, कामाला चोख, शब्दाला पक्का. पहिल्या दिवशी नुसतं बांधून बघितलं. साहेब म्हणाले, "सदू, जिवापाड सांभाळ हं. विलायती मशीन आहे, दुसरी मिळायची नाही."

"काळजीच नको साहेब."

झालं! सांभाळ म्हणाले, पण मी कशासाठी आहे ते सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी होती. त्या दिवशी सदू घरून एक छोटी पिशवी घेऊन आला. त्याच्या बायकोने, विठाने, जुन्या लुगड्याचं कापड चार पदरी करून ती शिवली होती. साहेब ऑफिसात गेले आणि सदूने ती माझ्या नळीच्या तोंडावर चढवून नाडी आवळली. मग छिन्नी-हातोडा सुरू झाला. पांढरा धुरळा असा उठला की शेजारचा माणूस दिसेना. मी आपला कापडातून गाळलेली हवा ओढत राहिलो. सदूच्या स्वतःच्या नाकाला मात्र काहीसुद्धा नव्हतं. अरे बाबा, ती पिशवी तुझ्या तोंडाला बांध, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड असून बोलता कुठे येतं?

संध्याकाळी सदू पिशवी काढून खिशात घालायचा, मला बाहीने पुसायचा आणि साहेबांच्या हातात द्यायचा. साहेब खूश. "बघा रे, वस्तू कशी वापरावी ते सदूकडून शिका!" असे तीन दिवस गेले. चकत्या मुंबईला गेल्या आणि आकडा आला, मर्यादेच्या कितीतरी खाली. काम थांबलं नाही. मास्क आले नाहीत. पुढे दोन महिने ती आठ माणसं उघड्या नाकाने पाइप सोलत होती.

मला काचेच्या कपाटात ठेवलं. हळूहळू माझी बॅटरी मेली, बारा वर्षांत कुणी विचारलं नाही.

१९९६ साली सदू आला. दोन पायऱ्या चढून दाराची चौकट धरून उभा राहिला, बोलायला श्वास पुरेना. आजार इथल्याच धुळीचा आहे असा कागद मिळाला, तरच त्याचे उपचार चालू राहणार होते. साहेबांनी जुना अहवाल काढला, वाचला आणि मान खाली घातली. "सदू, यात तर हवा चांगली होती असं लिहिलंय रे."

सदूने वाद घातला नाही. त्याची नजर कपाटाकडे गेली आणि तो चक्क हसला. "तीच ना ही मशीन? अजून नवीकोरी हाय! एक दिवस धूळ लागू नाय दिली मी. विठाने पिशवी शिवली होती. रोज घरी झटकून धुवायची बिचारी. आता ती पन खोकते."

"कसली पिशवी? कुठे लावायचास?"

सदूने कॉलरवर बोट ठेवलं.

साहेबांना सगळा उलगडा झाला. "अरे देवा! मी तुला सांगितलंच नाही रे..."

"काय साहेब?" सदूने विचारलं. साहेबांनी पेन उचललं.

त्यांनी तिथल्या तिथे अहवालाखाली लिहिलं, 'हा आकडा चुकीचा आहे, चूक माझी आहे,' आणि सही केली. वरच्यांनी ते मानलं नाही. पाइप भंगारात गेले होते, त्या दिवसांची हवा परत मोजणार कशी? उन्हाळा सरता सरता सदू गेल्याची बातमी आली.

मित्रांनो, आत्मकथा सांगणारे माझे भाईबंद शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी सांगतो, मला जपू नका. मळू द्या मला, काळाठिक्कर होऊ द्या, पण माणूस जपा. आणि कुणाच्या हातात यंत्र द्याल तेव्हा ते कशासाठी आहे एवढं त्याला सांगा. सदूने मला जिवापाड सांभाळलं हो. माझ्या अंगावर आजही धुळीचा एक डाग नाही, आणि मला त्याची लाज वाटते.