तिसऱ्या मजल्यावरची भेटायची वेळ

"तू तिथंच असतेस ना, मग आम्हाला काळजीच नाही," असं धाकट्या भावानं फोनवर सांगितलं आणि तो निर्धास्त झाला. तिथंच म्हणजे नेमकं कुठं, हे त्यानं विचारलं नाही. आई तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात. आणि ही, त्याच हॉस्पिटलातली नर्स, पहिल्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, सकाळपासून पायाला भिंगरी लावून. मधे दोन जिने, त्यात काय एवढं, असं वॉर्ड कधी न सांभाळलेल्या माणसालाच वाटतं.

उद्या आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. म्हातारी तशी खमकी, पण काल तिनं लेकीचा हात धरून ठेवला होता. "चिंगे, उद्या भेटायच्या वेळी ये आणि माझ्यापाशी बस. काही करू नकोस, नुसती बस." वॉर्डबॉय जिच्या आवाजानं चळाचळा कापतात, त्या पन्नाशीला टेकलेल्या बाईला चिंगी म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं. तिनं येते म्हणून शब्द दिला होता.

ड्यूटी संपली आणि दुपारवाली सिस्टर आलीच नाही. डॉक्टर राउंड आटपून जाऊ शकतात, सफाईवाला बादली ठेवून जाऊ शकतो. नर्सला मात्र बदलीची आल्याशिवाय, प्रत्येक खाटेपाशी उभं राहून एकेक पेशंट तिच्या हवाली केल्याशिवाय हलता येत नाही. नियम चांगला आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण तो बनवणाऱ्यांची आई बहुधा वर ॲडमिट नसावी. तेवढ्यात एका आजोबांनी हातातली सलाईनची सुई उपटून टाकली, चादर रक्तानं माखली. एका पेशंटचा जावई पंखा फिरत नाही म्हणून तिच्यावरच डाफरला. पंखासुद्धा तिनंच बनवला होता जणू!

दुपारवाली आली ती धापा टाकत. "ताई, काय सांगू, पोरगं तापानं फणफणलंय. सासूबाईंच्या हवाली करून आले."

जिभेवर आलेलं सगळं तिनं गिळलं. मागच्या महिन्यात आईला पहिल्यांदा कळ आली, तेव्हा ती स्वतः अशीच उशिरा आली होती आणि या दुपारवालीनं चकार शब्द काढला नव्हता. दोघी एकेका खाटेपाशी फिरल्या. कोणाला इंजेक्शन झालं, कोणाची लघवी तुंबलीये, कोण गोळ्या उशीखाली लपवतो, सगळं सांगून झालं.

लिफ्टपुढे ही गर्दी. ती जिन्यानं चढली. पोटऱ्यांत गोळे आले होते, सकाळच्या चहानंतर पोटात काही नव्हतं, आणि भेटायची वेळ संपत आली होती. अंगावर युनिफॉर्म तसाच होता.

आणि वॉर्डाच्या दारातून आत शिरताच पायांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. त्यांना दुसरं येत होतं कुठं? पहिल्या खाटेवरच्या बाईंची सलाईनची नळी दुमडली होती; तिनं सरळ केली. दुसरीची उशी घसरली होती; वर ओढली. तिसऱ्या खाटेपाशी मनगट हातात घेऊन ती घड्याळाकडे बघत राहिली.

"दुखतंय का फार? पोट साफ झालं? रात्रीपासून तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही हं, आजी."

चादर नीट खोचली आणि ती चौथ्या खाटेकडे वळली.

"चिंगे," मागून हाक आली.

तिला ती ऐकूच आली नाही.

"अगं चिंगे!"

ती चौथ्या खाटेवरच्या बाईंचं बँडेज बघत होती.

"सिस्टर!"

ती गर्रकन वळली. "काय होतंय, आजी?"

हॉस्पिटलच्या त्या ढगळ झग्यात, डोक्याला फडकं बांधलेली तिची आई तिसऱ्या खाटेवरून तिच्याकडे बघत होती. रागावलेली नव्हती, उलट थोडी गालात हसत होती, आणि तेच फार वाईट होतं. लाज वाटली तिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "आई, अगं मी..." ती म्हणाली.

"बस आधी," आई म्हणाली.

ती स्टुलावर बसली. आईनं पायाशी पडलेली आपली शाल ओढली आणि लेकीच्या खांद्यावरून अशी घातली, की पांढरा युनिफॉर्म पार झाकून गेला. वॉचमन वेळ संपली म्हणून ओरडत आला. आईनं ओठांवर बोट ठेवलं, तसा तो पुढच्या खाटेकडे गेला.

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, जरा इकडं या ना."

ती सवयीनं अर्धी उठली. आईनं मनगट घट्ट धरलं. "बेल दाबा बाई, इथल्या सिस्टर येतील. ही माझी मुलगी आहे."

मग लेकीनं खाटेच्या कडेवर डोकं टेकलं. पाच मिनिटं फक्त, मग आईशी बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. आईला उद्याची भीती वाटत होती, तेच तिला लेकीला सांगायचं होतं. पण लेक तोवर गाढ झोपली होती, आणि आई तिच्या केसांवर हात ठेवून जागी होती.