सतरावा डाव

"सोडा. अहो, सोडा ना, दुखतंय," काकू म्हणाल्या. मास्तरांनी मनगट आणखी आवळलं.

न्हाणीघरात दोघांपुरतीच जागा होती. मास्तर स्टुलावर बसलेले, काकू त्यांच्यापुढे वाकलेल्या आणि मध्ये बादलीतल्या पाण्याची वाफ. शर्टाची दोन बटणं निघाली होती. तिसऱ्याला हात लागला आणि मास्तरांचा उजवा हात कुठून आला ते कळलंच नाही. आता ते काकूंकडे चोर सापडल्यासारखे बघत होते.

"कुणी पाठवलं तुला?"

"कुणी पाठवायला कशाला हवं? मी इथलीच आहे."

"खोटं बोलतेस."

एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागत होतं. काकूंनी हात मागे ओढला, तशी पकड आणखी घट्ट झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. चहाचा कप धरला की बशीत अर्धा चहा सांडायचा, पण मनगट धरलं की बोटं लोखंडाची व्हायची. काकूंच्या डाव्या करंगळीला आधीच पट्टी होती. ती गेल्या सोमवारच्या अंघोळीची. शेवटी त्यांनी ओढायचं सोडून दिलं आणि पाणी निवू दिलं. बऱ्याच वेळाने मास्तरांचा हात आपोआप सैल पडला. आपण काय धरलंय ते हातही विसरला असावा. त्या दिवशीही अंघोळ राहिलीच.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी पंचेचाळीस वर्षं शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलामुलींना हातापायांनी लढायची विद्या शिकवली. त्या विद्येचा सगळा अर्क चोवीस डावांच्या एका मालिकेत होता. समोर कुणी नसताना, हवेत, एकामागून एक करायचे ते डाव. आजाराने मास्तरांची आधी माणसांची नावं नेली, मग वार आणि तारखा, मग बायकोचा चेहरा. मालिकेला मात्र त्याने हात लावला नव्हता. रोज सकाळी गॅलरीत उभे राहून मास्तर चोवीसच्या चोवीस डाव बिनचूक करायचे आणि मग खुर्चीत बसून विचारायचे, "हे कुणाचं घर आहे?"

बुधवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, रविवारी येतोय. त्या संस्थेत एक जागा झालीये, एक तारखेपासून. मी बाबांचं नाव घातलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"आज करंगळी आहे. उद्या ओल्या फरशीवर पडून तुझा खुबा मोडला, तर तुम्हा दोघांना कोण बघणार? सांग ना."

"माणूस ठेवला तर?"

"दोन ठेवले होते. दुसरा तर छत्री टाकून पळाला."

तेही खरंच होतं. काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "रविवारी तू उभा राहून बघ. मला त्यांना नीट अंघोळ घालता आली, तर ते इथेच राहतील. नाही जमलं तर ने. मी आडवी येणार नाही."

बोलून तर बसल्या. हातात उरले तीन दिवस.

काकूंना स्वतःला एकही डाव येत नव्हता. त्यांचं काम शिलाई मशीनवरचं. मास्तरांच्या प्रत्येक शिष्याचा जाड पांढरा गणवेश त्यांनी शिवलेला, उसवलेला पुन्हा टाचलेला. पण त्या रात्री त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून सुटायला शिकवलं, त्याच्या हातून सुटायची युक्ती त्याच्याच विद्येत नसेल का? मास्तरांना विचारण्यात अर्थ नव्हता. आणि पकडींतलं जाणणारा गावात दुसरा एकच माणूस होता, कुस्तीच्या आखाड्यातले पैलवान, आणि त्यांच्याशी मास्तरांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

भांडणाचं कारण सांगितलं तर कुणीही हसेल. सतरावा डाव. अर्धं पाऊल पुढे टाकायचं, उजवा हात खालून वर आणताना तळवा स्वतःच्या तोंडाकडे वळवायचा, आरशात बघतो तसा, आणि डावा तळवा त्या मनगटाखाली न्यायचा. असाच डाव पैलवानांच्या कुस्तीतही होता, नाव वेगळं एवढंच. मास्तर म्हणायचे, हा तोंडावरचा ठोसा अडवायचा डाव. पैलवान म्हणायचे, छे, हा समोरच्याचं कोपर मोडायचा. एका समारंभात दोघे व्यासपीठावरच हमरीतुमरीवर आले आणि तेव्हापासून रस्त्यात दिसले की एकजण पलीकडच्या बाजूला जायचा. दोघांची वयं तेव्हा पासष्टीपुढची होती.

गुरुवारी सकाळी शेजारणीला मास्तरांजवळ बसवून काकू पैलवानांच्या आखाड्यात गेल्या. पैलवानांनी आधी त्यांच्या करंगळीकडे पाहिलं.

"त्याने केलं?"

"त्यांनी नाही, आजाराने केलं. भाऊजी, मला त्यांच्या पकडीतून सुटायचंय. त्यांना न दुखवता."

"न दुखवता?" पैलवान डोकं खाजवू लागले. "वहिनी, दुखवायचं नसेल तर आमच्याकडे कशाला आलात?"

तरी त्यांनी करून दाखवलं. काकूंना आपलं मनगट धरायला लावलं, हात फिरवला, डावा तळवा खालून आणला, आणि काकूंच्या कोपरात अशी कळ गेली की त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या. पैलवानांनी लगेच सोडलं.

"असं केलं तर त्यांचं कोपर राहील?" काकूंनी विचारलं.

पैलवानांनी नकारार्थी मान हलवली.

त्यांची सून पलीकडच्या चटयांवर झाडू मारत होती. ती ज्यूदो शिकवायची. कुस्तीगिराच्या घरात येऊन तिने तिसरीच विद्या मांडली, म्हणून पहिली दोन वर्षं सासरा तिच्याशी कामापुरतंच बोलला होता. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"बाबा, तुम्ही मारणाऱ्याच्या बाजूने बघताय. काकूंना तर धरलंय. ज्याला मारता येतं त्याला कोण कशाला धरेल? हा डाव ज्याला धरलंय त्याचा असणार. आमच्याकडेही असाच एक आहे."

तिने काकूंचं मनगट धरलं. "ओढू नका. ओढलं की धरणाऱ्याला जोर मिळतो. पकड चारही बाजूंनी घट्ट नसते. अंगठा आणि बोटं भेटतात तिथे फट असते. मनगटाची कड त्या फटीत आणा."

"आणि पाऊल?" पैलवान न राहवून म्हणाले. "मागे नाही, पुढे टाका. त्याच्या अंगाजवळ जा. लांब राहाल तर लटकाल."

काकूंनी पाऊल पुढे टाकलं, तळवा तोंडाकडे वळवला, आणि त्यांचा हात सुटला. इतका सहज सुटला की त्या आपल्याच तळव्याकडे बघत राहिल्या. पण पैलवानांनी पुढच्याच क्षणी दुसरं मनगट धरलं.

"सुटल्यावर तुमच्यात काय करतात?" काकूंनी सुनेला विचारलं.

"पळायचं."

"न्हाणीत कुठे पळू?"

यावर तिघंही हसली. पण घरी नेमकी तीच अडचण आली. त्याच दुपारी काकूंनी डाव करून पाहिला. हात सुटला, आणि रिकामा झालेला मास्तरांचा हात हवेत चाचपडला, काकूंच्या पदरात अडकला आणि स्टूल कलंडलं. काकूंनी दोन्ही हातांनी मास्तरांना सावरलं. मास्तरांच्या डोळ्यांत इतकी भीती काकूंनी कधी पाहिली नव्हती. आपल्याला ते दुष्टपणाने धरत नाहीत, पडण्याच्या भीतीने धरतात, हे त्यांना तेव्हा कळलं. इतके दिवस आपण रागावलो याची लाज वाटली.

शुक्रवारी त्यांनी ट्रंकेतून मास्तरांचा जुना गणवेश काढला. पुस्तक वाचणाऱ्याला पुस्तक कळतं, शिवणाऱ्याला कापड. चाळीस वर्षं उसवलेलं टाचताना काकूंना माणसं शिवणीवरून ओळखू येऊ लागली होती. ज्याचं कोपर बाहेर जातं त्याची काख उसवते. जो हिसके देतो त्याच्या बाहीची कड फाटते. पैलवानांसारखं कुणी डाव्या हाताने झटका देऊन कोपर मोडत असेल, तर त्याची उजवी बाही मनगटापाशी विरायलाच हवी. काकूंनी ती बाही उलटी करून उजेडात धरली. शिवण अगदी शाबूत होती. फक्त खालच्या अंगाला, पाच बोटं मावतील एवढा, धुऊन धुऊनही न गेलेला पिवळट डाग होता. हा डाग त्यांनी शेकडो वेळा घासला होता आणि दर वेळी मनात म्हणाल्या होत्या, हा माणूस हात का धूत नाही. म्हणजे डावा तळवा तिथे झटका न देता नुसता टेकत होता.

शनिवारी सकाळी मास्तर मालिका करत असताना त्या गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्याला मास्तरांचा उजवा तळवा तोंडाकडे वळला आणि डावा त्याच्याखाली आला. त्यात मार नव्हता, झटकाही नव्हता. डावा तळवा खोलगट होता, पाणी प्यायला ओंजळ धरावी तसा, आणि पुढचा डाव सुरू व्हायच्या आधी तिथे क्षणभर थांबला. कुणीतरी पडणार आहे आणि त्याला झेलायचंय असा.

शेजारणीला हाक मारून काकू तशाच आखाड्यात गेल्या आणि पैलवानांपुढे हात केला. "धरा."

पैलवानांनी धरलं. काकूंनी पाऊल पुढे टाकलं, हात वळवला, आणि पैलवानांचा सुटलेला हात अलगद त्यांच्या डाव्या तळव्यात आला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. पैलवानांनी दुसरा हात उचललाच नाही.

"अकरा वर्षं भांडलो आम्ही," ते म्हणाले.

"दोघंही चुकत होतात. त्यांचं तोंड चुकीचं सांगत होतं, हात बरोबर करत होता."

"त्याला सांगू नका." मग पैलवानांनी पंच्याने तोंड पुसलं. "नाहीतर सांगा. येईन मी एकदा."

रविवारी मुलगा आला तो पिशवी खाली न ठेवताच न्हाणीच्या दारात उभा राहिला. काकूंनी पाणी काढलं, स्टुलाखाली रबरी चटई घातली. पहिलं बटण निघालं, दुसरं निघालं. तिसऱ्याला मास्तरांनी मनगट धरलं.

"आई," मुलगा पुढे सरकला.

"तिथेच थांब," काकू म्हणाल्या.

हात मागे ओढावा असं सगळं अंग म्हणत होतं. त्यांनी अर्धं पाऊल पुढे टाकलं, मास्तरांचा श्वास गालाला लागेल इतक्या जवळ गेल्या आणि तळवा तोंडाकडे वळवला. पकड सुटली. मास्तरांचा हात खाली आला तो त्यांच्या डाव्या तळव्यात, आणि काकूंनी तो झेलून धरला.

मास्तर हलले नाहीत. त्यांनी काकूंच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या, मग पावलांकडे. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली.

"कोपर," ते म्हणाले.

"काय?"

"कोपर बाहेर जातंय. बरगडीला लागलं पाहिजे. पुन्हा कर."

दारातल्या मुलाने तोंडावर हात ठेवला. काकूंनी उजवा हात पुढे केला, मास्तरांनी तो धरला, या वेळी हलकेच, शिष्याचा धरतात तसा, आणि काकूंनी कोपर आत ठेवून डाव पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. न्हाणीच्या ओल्या फरशीवर त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचा पहिला वर्ग चालू होता.

"जमतंय," मास्तर म्हणाले. "घाई करू नकोस. नवीन आहेस ना?"

"हो, सर."

"घाबरायचं नाही. कुणी धरलं तरी घाबरायचं नाही."

हा मऊ आवाज काकूंच्या ओळखीचा होता. शेडच्या बाहेर शिवणाचा गठ्ठा घेऊन उभ्या असताना त्यांनी तो कितीदा ऐकला होता. नवीन आलेल्या पोरांसाठीचा होता तो. घरात कधी आला नव्हता.

"सर, आता अंघोळीची वेळ झाली," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली आणि उरलेली बटणं आपल्याच बोटांनी, एकेक करत, काढली. शर्ट काढून काकूंकडे दिला. काकूंनी मुलाकडे पाहिलं. तो पिशवी उचलून आत गेला आणि फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. एक तारखेची जागा दुसऱ्या कुणाला द्या, एवढं त्यांना ऐकू आलं.

त्यांनी तांब्यात पाणी घेतलं, कोपरावर घालून पाहिलं.

"घरी कोण असतं तुझ्या?" मास्तरांनी विचारलं.

"मिस्टर असतात."

"त्यांना चालतं, तू इथे येतेस ते?"

"त्यांच्यामुळेच आले," काकू म्हणाल्या.

"भला माणूस दिसतो."

"आहेत," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मास्तरांच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला.