तिसरा दगड

ताईच्या परीक्षेच्या दिवशी बाबा तिच्या तिसऱ्या दगडावर बसले.

मुद्दाम नव्हे. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात उमेदवारांना स्टुलं होती, नातेवाइकांना काहीच नव्हतं, आणि बाबांना ताईची पिशवी दिसली. पिशवीत ज्वालामुखीतल्या काळ्या काचदगडाची पातळ चकती होती. हा दगड फुटला की त्याची कड वस्तऱ्याला लाजवते. बाबा जितक्या वेगाने बसले त्याच्या दुप्पट वेगाने उठले. पॅन्टचं काय झालं ते लिहीत नाही. माझी ओढणी मात्र तिथून पुढे बाबांच्या कमरेला होती.

प्रकरण असं होतं. संग्रहालयाला दगडाची हत्यारं घडवून दाखवणारा माणूस हवा होता. जागा एकच. तीन वेगवेगळ्या दगडांची तीन बाणाची टोकं घडवायची, काठीला बांधायची आणि धनुष्याने पेंढ्याच्या पोत्यावर मारायची. टोक रुतलं पाहिजे, फुटता कामा नये. दोन दगड संग्रहालयाचे, तिसरा आपापला. ताईला जागा मिळाली नाही तर ती बाबांच्या नळदुरुस्तीच्या दुकानात बसणार, असं घरात ठरलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं. पाटीवर ‘आणि कन्या’ रंगवूनही झालं होतं. ती कन्या मी नव्हे. मी एकदाच नळ दुरुस्त केला आणि खालच्या मजल्यावरच्यांनी घर बदललं.

पिशवीचं ताईला लगेच सांगायची आमची दोघांची छाती झाली नाही. तिने पहिला दगड हातात घेतलाही होता.

तो चकमकीचा. गुणी दगड. सांगाल तिथून, सांगाल तेवढाच ढलपा देतो. ताईने मांडीवर चामडं टाकलं, गोल गोट्याने दगड पातळ केला, मग तांब्याचं टोक बसवलेली काठी कडेवर टेकवून दाब दिला. टिक. माशाच्या खवल्याएवढा ढलपा उडाला. टिक, टिक, टिक. बघता बघता बाण दिसायला लागला. माझ्याकडे जखमेवरच्या पट्ट्यांचं खातं होतं. त्या भरात मी पाच पट्ट्या स्वतःच्याच बोटांना लावल्या.

दुसरा काळा खडक. हा दगड सरकारी वृत्तीचा, कितीही ठोका, उद्या या म्हणतो. शेजारच्या उमेदवाराच्या खडकाचे दोन तुकडे झाले आणि तो तडक घरी गेला. ताईचं टोक दिसायला बटाट्यासारखं झालं, पण झालं.

मग तिने पिशवी उघडली. आत काळा चुरा. तिने चुऱ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आमच्या घरात याहून मोठं भांडण नाही.

बाबा “बघतो” म्हणाले आणि इमारतीत गेले. मला वाटलं, रडायला गेले. आमच्याकडे पुरुष नळ सोडून रडतात. ते परत आले तेव्हा ओढणीखाली काहीतरी चौकोनी, पांढरं होतं. फ्लशच्या टाकीचं झाकण.

कोपरा उडालेलाच होता, बदलावं लागणारच होतं, असं त्यांनी व्यावसायिक मत दिलं. ताई हे काम शिकली ती त्यांच्या दुकानातल्या फुटक्या कमोडांवरच, आणि तो सगळा रिकामटेकडेपणा आहे, आपण ढुंकूनही बघत नाही, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. आता ते खाली वाकले.

“टिचकी मारून बघ. तुझ्या त्या काळ्या काचेलाही असा आवाज नव्हता.”

ताईने टिचकी मारली. झाकण देवळातल्या घंटेसारखं वाजलं.

परीक्षक बाई आल्या. त्यांच्या बोटांवर जुन्या कापल्याच्या खुणाच खुणा होत्या. हा कोणता दगड, त्यांनी विचारलं. भाजलेला, ताई म्हणाली. बाईंनी स्वतः टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. मग साडी सावरून सरळ जमिनीवर मांडी ठोकली.

“फोड,” त्या म्हणाल्या.

ताईने चकाकी घासून काढली, तुकडा पाडला आणि दाब द्यायला लागली. पांढरे ढलपे पावसासारखे उडाले. बाबा तिच्या कानाशी कुजबुजत होते, हळू, नळाचा वायसर बसवतेयस असं समज. शेवटी दोरा बांधायच्या खाचा. एक झाली. दुसरीला खाचेखालचा कोपरा तुटला. ताईने टोक लहान केलं आणि पुन्हा खाचा घेतल्या. पुन्हा तुटला. पुन्हा लहान. याहून लहान झालं तर बटण म्हणून शर्टाला लावावं लागेल, असं मी म्हणाले. कुणी हसलं नाही. नखाएवढ्या टोकाला दोन्ही खाचा पडल्या, तेव्हा बाईंनीच माझा हात घट्ट धरला होता.

धनुष्य बाईंनी उचललं. चकमक रुतली. खडक रुतला, पोतं कण्हलं. तिसरा बाण सुटला आणि दिसेनासा झाला. पोत्यातून आरपार जाऊन तो मागच्या दाराच्या फळीत घुसून थरथरत होता. टोक अख्खं. बाबांनी दोन्ही हात वर केले आणि ओढणी सुटली, पण त्या क्षणी तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

बाईंनी टोकाला बांधायची चिठ्ठी काढली. सापडल्याचं ठिकाण काय लिहू, त्यांनी विचारलं. बाबा पाण्याच्या दाबावर लांबलचक बोलायला लागले. ताईने त्यांना थांबवलं.

“तळमजला. पुरुषांचं.”

बाईंनी ते तसंच, वळणदार अक्षरात लिहून घेतलं. मग आत जाऊन उघडी टाकी पाहून आल्या.

“तू सोमवारपासून ये,” त्या ताईला म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. “तुम्ही आत्ता.”