ओल्या टॉवेलची परीक्षा

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मामी हातात ओला टॉवेल घेऊन शिरल्या, तेव्हा मामांना तोंड कुठे लपवावं ते कळेना. मामी मात्र ठाम होत्या. घरच्या सायकलवर मामा जेमतेम चार दिवस बसले होते, पुढे तिच्यावर कपडेच वाळत राहिले. पळायच्या मशीनचीही तीच गत झाली.

"ज्याच्यावर हा टॉवेल टिकणार नाही, तेच घेऊ," मामींनी दुकानदाराला बजावलं आणि त्या एकेका मशीनवर टॉवेल टाकून पाहू लागल्या. सगळीकडे तो ऐटीत लटकला. दुकानदाराचा चेहरा उतरत गेला. शेवटी काउंटरवरच्या दोन गुळगुळीत डंबेल्सवरून टॉवेल घसरला आणि थेट खाली पडला.

"हेच बांधून द्या," मामी म्हणाल्या.

आठवडाभरात मामांचा उत्साह मावळला आणि डंबेल्स पलंगाखाली गेले. मग एका सकाळी मामा गच्चीवर गेले, तर वाऱ्यावर फडफडणारी चादर जागेवर राहावी म्हणून तिच्या खालच्या दोन्ही टोकांना तेच डंबेल्स बांधलेले.

मामांना हसू आवरेना. "शेवटी कपड्यांच्याच कामी आले की गं."

"आले ना. पण रात्री दवात लोखंड गंजतं," मामी चादर नीट करत म्हणाल्या. "तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही ते चार मजले खाली न्यायचे आणि सकाळी वर आणायचे. लिफ्टने फक्त बादली येईल."