सिद्धलिंगची शपथ

निलंग्याच्या भुसार बाजारात मृत्युंजय अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे धाकट्या भावाचं, सिद्धलिंगचं, लिव्हर खराब झालंय हे कळल्यावर "चोरून ढोसत असणार" हा निकाल त्यांनीच दिला आणि घरादारानं तो मानला. बरं, तिथं तरी थांबावं! श्रावण सोमवारी भरल्या घरात त्यांनी सिद्धलिंगला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावलं. दारूच्या थेंबाला शिवलो नाही, अशी शपथ त्यानं घेतली. त्यावर अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "पिणाऱ्याच्या शपथेला काय अर्थ हाय?" सिद्धलिंगनं लिंग सदऱ्याआड ठेवलं.

आता नांदेडच्या दवाखान्यात तो पिवळाधमक होऊन पडला होता. लिव्हर बदलल्याशिवाय तो वाचणार नव्हता. रक्तगट जुळला तो अण्णांचा. आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला ते ऐटीत तपासणीला गेले. "बिनव्यसनी माणसाचा माल हाय, बघून घ्या!"

डॉक्टर तनुजाबाईंनी रिपोर्ट पाहिला. "तुमच्या लिव्हरमध्ये फार चरबी आहे. आत्ता देता येणार नाही."

"मी थेंबबी घेत न्हाई!"

"तुमचे भाऊही घेत नव्हते. वजन, साखर, दिवसभर बसून राहणं, यानंही लिव्हर जातं. अलीकडच्या अभ्यासांत असे पेशंट वाढताना दिसतायत. वजन उतरवा, चरबी कमी झाली तर पुन्हा बघू. मात्र तोवर त्यांनी तग धरायला हवा."

अण्णांना दुकानातली गादी आठवली, समोरच्या हॉटेलातली रोजची जिलेबी आठवली. लाजेनं त्यांचे कान तापले. सिद्धलिंग खरं बोलला होता.

खाटेपाशी आई, गौरम्मा, बसली होती. अण्णा कसेबसे म्हणाले, "अव्वा, माझं चालत न्हाई. लिव्हरला चरबी हाय."

लिव्हर कशानं जातं हे तिला अण्णांनीच शिकवलेलं. ती बघतच राहिली. "तू बी चोरून घेतोस काय रे, मृत्युंजया?"

शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. अण्णांचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला. तेवढ्यात सिद्धलिंगनं त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे अण्णा. शपथ कशाला? तू म्हणलास, बास."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मोकळ्या डाव्या हातानं लिंग काढून तळहातावर घेतलं.

"अव्वा, सिद्धूची शपथ खरी होती. खोटा मी होतो. हे घरी सगळ्यांम्होरं सांगतो."

सिद्धलिंगनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण अण्णांचं मनगट सोडलं नाही.