सहावी बरणी

आमच्या घरात झाकण असलेली कुठलीही वस्तू फार दिवस माझी राहत नाही. कोल्ड क्रीम संपायच्या आत डबी गायब होते. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, कॅमेऱ्याच्या रिळाच्या डब्या, सगळं मामंजींच्या खिडकीत. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा ते सोडत नाहीत. एकेका खळग्यात रंगाचा थेंब टाकून काडीने मिसळत बसतात.

मामंजी म्हणजे माझे सासरे. बस डेपोच्या रंगखात्यात चाळीस वर्षं मिस्त्री होते. ठोकर खाल्लेल्या गाडीला नवा पत्रा बसवला, की जुन्या रंगाशी असा जुळवायचे की जोड शोधून सापडू नये. निवृत्त झाल्यावर त्याच गाड्यांची वीतभर मॉडेलं करायला लागले. छंद त्यांचा, भांडी माझी. एकदा दह्याच्या प्लास्टिकच्या कपात थिनर ओतलं. कपाचा तळ विरघळला आणि लाल रंग जेवणाच्या टेबलावर पसरला. डाग अजून आहे. वर चोराच्या उलट्या बोंबा, असले हलके कप घरात आणतेसच कशाला म्हणून.

माझ्या आईने लग्नात दिलेल्या सहा काचेच्या बरण्या होत्या, घट्ट झाकणांच्या. अकरा वर्षांत पाच गेल्या. गेल्या महिन्यात सहावी गेली, तीही आतली साखर वर्तमानपत्रावर ओतून, मुंग्यांच्या सोयीसाठी. नवरा मूग गिळून बसतो. आणि याच अकरा वर्षांत रोज सकाळी माझ्या चहाचा पहिला घोट घेऊन मामंजी एकच शब्द बोलतात: "पाणचट."

बुधवारी ते आंघोळीला गेले आणि मी खिडकीतून सहावी बरणी उचलली. आतला हिरवा रंग कचऱ्याच्या डब्यात ओतला, बरणी घासली आणि ओट्यावर उपडी घातली.

तो कुठला हिरवा होता, हे मला ठाऊक होतं. डेपोतल्या जुन्या हिरव्या गाड्या मोडीत निघाल्या होत्या. रविवारी त्यांचं एक मॉडेल डेपोच्या दारात काचेच्या पेटीत कायमचं ठेवणार होते. जुने सगळे कामगार यायचे होते. मामंजी आठ महिने त्याच गाडीवर बसले होते. फक्त पुढचं दार रंगवायचं राहिलं होतं.

उपडी बरणी पाहून ते ओट्यापाशी थांबले. मी भांडायला तयारच होते.

"दार राहिलं होतं," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "मग परत करा की. चाळीस वर्षं तेच केलंत ना?"

हे मी मुद्दाम म्हटलं. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता. रंग ओळखायला मला डॉक्टर लागत नाही, असं म्हणून मामंजी उठून आले. मोडेन पण वाकणार नाही, हा त्यांचा बाणा. निळा आणि काळा मोजा जोडीने घालून ते हिंडत होते आणि मी बघत होते.

तीन दिवस खिडकीत खुळखुळ चालली होती. रंग ढवळला जावा म्हणून ते प्रत्येक बाटलीत एक छोटा नट टाकतात. शनिवारी दुपारी गाडी तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"सूनबाई, बघ जरा. दार जुळलंय का?"

दार निळसर दिसत होतं. लहान पोरानेही सांगितलं असतं. मला टेबलावरचा डाग दिसला, पाच बरण्या आठवल्या.

"जुळलंय," मी म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

रविवारी आम्ही तिघं डेपोत गेलो. आताचा फोरमन म्हणजे मामंजींचाच चेला. पेटीपुढे वाकून तो हसला. "मिस्त्री, दार दुसऱ्या गाडीचं बसवलंत की काय?"

डेपोतला हा जुना विनोद असावा, कारण मामंजीही हसले. नंतर त्यांच्या लक्षात आलं की बाकीचे हसायचे थांबलेत. त्यांनी चष्मा पुसला, नाक काचेला टेकेपर्यंत वाकून पाहिलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत राहिले. त्यांनी गाडी परत मागून घेतली. पेटी रिकामीच राहिली.

सोमवारी सकाळी माझा ओटा भरला होता. डब्या, बाटल्या, पाचही बरण्या, सगळं घासूनपुसून. कुठला रंग ते कळावं म्हणून प्रत्येक झाकणावर ते एक ठिपका देत. तेही ब्लेडने खरवडून काढले होते.

"तुझं सामान," ते म्हणाले. "मला आता लागणार नाही."

सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. दिवसभर त्या रिकाम्या खिडकीकडे बघवत नव्हतं. तरी हट्टाने एका बरणीत साखर भरली आणि झाकण घट्ट लावलं.

मंगळवारी त्याच साखरेचा चहा केला. झाकणातल्या पुठ्ठ्याने किती वर्षांचं थिनर पिऊन ठेवलं होतं, कोण जाणे. नवऱ्याने पहिला घोट बेसिनमध्ये थुंकला. मी घाईघाईने मामंजींचा कप घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कप बाजूला ओढला, शेवटच्या घोटापर्यंत सगळा चहा प्यायले आणि कप माझ्यासमोर ठेवला.

"छान झालाय चहा, सूनबाई."

अकरा वर्षांत त्यांनी माझ्या चहाला पहिल्यांदाच छान म्हटलं.